कॉम्प्युटरचा पडदा रुसतो तेव्हा

‘अहो ताई, नवीन विंडोज टाकून घेतलं आणि आमचा स्क्रीनच गेला!’ हे वाक्य ऑक्टोबर २०२५ नंतर मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, की फोनवर नुसतं ‘अहो ताई’ ऐकलं तरी पुढचं कळतं. कुणाचं अक्षर एवढं मोठं झालेलं असतं की अर्ज पानात मावत नाही, तर कुणाचं अगदी मोहरीएवढं. कुणाच्या फोटोतली माणसं एका रात्रीत अंगाने भरलेली दिसायला लागतात. कुणाचा पडदा काळाकुट्ट. तक्रारी वेगवेगळ्या, पण निदान मात्र सगळ्यांचं एकच. मॉनिटर गेला!

मैत्रिणींनो, मी काही इंजिनीअर नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं, लग्नानंतर एमएस-सीआयटी केलं, आणि आता बरीच वर्षं बचत गटांचं काम करते. पण आमच्या तालुक्याच्या गावात आठ-दहा गटांकडे जुने का होईना, कॉम्प्युटर आहेत. कुणी कचेरीतून निघालेला लिलावात घेतला, कुणाला एखाद्या मुंबईकर भाच्याने दिला. त्यांच्याभोवती बसून बसून काही गोष्टी हाताखालून गेल्या. त्या सांगाव्यात असं वाटलं, कारण या ‘गेला’ शब्दापायी चांगला चालणारा मॉनिटर भंगारात देऊन नवीन घेतलेली दोन घरं मला माहीत आहेत.

आधी हे सगळं आत्ताच का सुरू झालं ते पाहू. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरच्या कॉम्प्युटरसाठी नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घेता येतील अशी सोय कंपनीने जाहीर केली होती, पण आपल्याकडे ते फार थोड्यांना समजलं. मग कुणी विंडोज ११ घातलं. त्याच्या अटी बऱ्याच आहेत. निदान ४ जीबी रॅम हवी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. साधारण २०१८ च्या आधी घेतलेले बरेचसे कॉम्प्युटर त्या अटीत बसतच नाहीत. ज्यांचे बसले नाहीत त्यांच्यापैकी काहींनी, विशेषतः ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं पोर आहे त्यांनी, लिनक्स मिंट नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली. एकूण काय, गावोगावच्या जुन्या कॉम्प्युटरांची मनं एकदमच बदलली, शरीरं तीच राहिली. आणि बिनसलं ते पहिल्यांदा दिसलं पडद्यावर.

पडद्यावरच का? तुम्ही कधी लग्नघरी, परक्या स्वयंपाकघरात चहा करायला उभ्या राहिला आहात? गॅस पेटतो, पातेलं सापडतं, साखर-चहाही सापडतो. चहा होतो. पण वेलदोडे कुठल्या डब्यात, आलं कुठे, गाळणं कुठे टांगलंय, ते कुणी सांगेपर्यंत चहा आपला कामचलाऊच. नव्या प्रणालीचं तसंच असतं. कॉम्प्युटरच्या आत चित्र तयार करणारा एक भाग असतो, त्याला ग्राफिक्स म्हणतात. त्या भागाशी कसं बोलायचं हे सांगणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो म्हणजे ड्रायव्हर. (गाडी हाकणारा नव्हे! पण काम तेच.) योग्य ड्रायव्हर मिळेपर्यंत विंडोज स्वतःकडचा एक सर्वांना चालणारा साधा ड्रायव्हर वापरते. त्याचं नाव ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’. त्यावर चित्र दिसतं, पण मापं मोजकीच मिळतात, व्हिडिओ अडखळतो, खिडकी सरकवली की मागे रेघा ओढल्यासारखं होतं. ओळख व्हायची राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून पहिलं काम हे. स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि त्यात ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ च्या खाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘बेसिक’ हा शब्द असेल तर चोर सापडला. इंटरनेट जोडा, सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ असं आत आत जा. ड्रायव्हर बरेचदा तिथेच नाव लिहून वाट बघत बसलेला असतो. नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून शोधायचा. लिनक्स मिंटमध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर सहसा आतच भरलेले असतात. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर मेनूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून त्याने सुचवलेला घ्यावा लागतो.

आता आमच्या एका गटाची गोष्ट सांगते. त्या गटाच्या खोलीत एक ताई बसतात. नवरा गेल्यापासून त्यांचं घर या एका टेबलावर चालतं. मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, टायपिंग, एका अर्जामागे वीस-तीस रुपये. गटाचा हिशेबही त्याच ठेवतात. विंडोज ११ त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला चालेना, म्हणून अध्यक्ष वहिनींच्या मुलाने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि सुट्टी संपली तसा तो पुण्याला निघून गेला. दुसऱ्या दिवशी ताईंनी यंत्र सुरू केलं तर सगळं आडवं पसरलेलं. गटाच्या बोधचिन्हातली गोल पणती अंड्यासारखी. अक्षरं फुगीर आणि पुसट. अर्ज भरण्याची ऐन घाई, आणि ताईंचे डोळे दुपारपर्यंत लाल.

मेकॅनिक आला, दोन मिनिटं बघून म्हणाला, ‘मॉनिटर गेलाय, जुना आहे, साडेसहा हजारात नवीन देतो.’ साडेसहा हजार! गटाच्या अंतर्गत कर्जाचं तीन महिन्यांचं व्याज तेवढं येत नाही. शिवाय तीन दिवस काम बंद, मुली अर्ज घेऊन दुसरीकडे जायला लागल्या. ताई मला म्हणाल्या, ‘कर्ज काढू का?’

मी त्यांना म्हटलं, कर्जाचं नंतर, आधी मॉनिटरचीच साक्ष काढू. ही युक्ती प्रत्येकीने लक्षात ठेवावी अशी आहे. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली त्याची स्वतःची बटणं असतात. त्यातलं ‘मेनू’ चं बटण दाबलं की पडद्यावर उजेड, रंग वगैरेंचा एक चौकोन येतो. हा चौकोन मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नसतो. तो चौकोन नीटस, स्वच्छ, रेघांशिवाय दिसला, तर पडदा धडधाकट आहे आणि दोष मागे कुठेतरी आहे. तसंच कॉम्प्युटरची वायर काढली आणि ‘नो सिग्नल’ अशी पाटी आली, तर ती पाटी लिहायला मॉनिटर जिवंत आहे, नाही का? ताईंच्या मॉनिटरचा मेनू आरशासारखा लख्ख होता.

मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे माप लागलं होतं १०२४ बाय ७६८, आणि त्याहून मोठं माप यादीतच नव्हतं. हे आकडे काय असतात ते समजलं की निम्मं कोडं सुटतं. पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. आडवे ठिपके किती आणि उभे किती, ते प्रत्येक पडद्याचं कारखान्यातच ठरलेलं असतं. साडेअठरा इंची मॉनिटर आणि बरेच जुने लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे असतात, जुना चौकोनी सतरा इंची १२८० बाय १०२४ चा, आणि ज्याला फुल एचडी म्हणतात तो १९२० बाय १०८०. कॉम्प्युटरने १०२४ ठिपक्यांची रांगोळी पाठवली आणि पडद्याला जागा १३६६ ची असली, तर तो बिचारा ओढून-ताणून ती बसवतो. मग पणतीचं अंडं होतं आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात, कारण एक ठिपका एकाहून थोड्या जास्त ठिपक्यांत वाटावा लागतो.

पण मोठं माप यादीत का नव्हतं? इथे मला फार गंमत वाटली. मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांची वायर जोडली की मॉनिटर त्याच वायरीतून स्वतःची ओळख सांगतो: मी अमुक, माझे ठिपके इतके. जुन्या निळ्या, पंधरा पिनांच्या व्हीजीए वायरीत या ओळखीसाठी वेगळ्या पिना असतात. चित्राच्या पिना शाबूत आणि ओळखीची पिन वाकलेली किंवा तुटलेली असेल, तर चित्र येतं पण नाव कळत नाही. मग कॉम्प्युटर अंदाजाने एक सुरक्षित माप धरतो, आणि ते बहुतेक वेळा १०२४ बाय ७६८ असतं. आधीच्या विंडोजमध्ये कुणीतरी कधीकाळी हाताने आकडा बसवून ठेवला होता, म्हणून वायरीतला दोष दिसला नव्हता. नव्या प्रणालीने पहिल्यापासून ओळख विचारली आणि दोष उघडा पडला.

ताईंची वायर काढून खिडकीशी उजेडात धरली. एक पिन पार आडवी झोपली होती. शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांकडून वायर आणून लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पणती गोल! नवीन वायर दीडशे रुपयांना मिळाली.

मी त्या मेकॅनिकला वाईट म्हणणार नाही. त्याच्या दुकानात रोज वीस यंत्रं येतात, सुटं निदान करण्यापेक्षा अख्खी वस्तू बदलणं त्याला सोपं पडतं. पण ‘गेलाय’ म्हणणाऱ्या कुणालाही ‘कशावरून?’ एवढं विचारायला हरकत काय आहे? डॉक्टरांना विचारतोच ना आपण.

योग्य माप लागल्यावर नवंच गाऱ्हाणं सुरू होतं: ‘अक्षर बारीक झालं हो!’ चाळिशी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांचं तर होतंच. मग घरातलं कुणीतरी डोळ्यांसाठी म्हणून माप पुन्हा कमी करून देतं, आणि सगळं परत पुसट. तसं करू नका. माप पडद्याचं मूळचंच ठेवायचं. विंडोजमध्ये रिकाम्या जागी उजवं बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडलं की ज्या मापापुढे कंसात ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं तेच. अक्षर मोठं करायचा रस्ता वेगळा आहे. त्याच पानावर ‘स्केल’ असतं, १०० च्या जागी १२५ किंवा १५० टक्के करा. फक्त अक्षरच वाढवायचं असेल तर विंडोज ११ मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ त ‘टेक्स्ट साइज’ आहे. मिंटमध्ये ‘फॉन्ट सिलेक्शन’ मध्ये ‘टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर’ असतो, १.० चं १.२ केलं की ताईंना चष्मा कपाळावर ठेवून वाचता येतं. माप बदलताना घाबरायचं कारण नाही. विंडोज विचारते, ठेवू का बदल? पडद्यावर काही दिसत नसेल तर काहीच दाबू नका, पंधरा सेकंदांत ती आपोआप जुन्या मापावर येते. तेवढे पंधरा सेकंद हात मांडीवर ठेवणं, हेच आपल्याला जमत नाही!

आता काळ्या पडद्याबद्दल. जीव खरा घाबरतो तो इथेच. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. लॅपटॉपवर नवी प्रणाली घेतली तेव्हा तो शाळेच्या प्रोजेक्टरला जोडलेला होता. घरी आणला तर पडदा काळा, पण सुरू होतानाचा आवाज येतोय. आवाज येतोय म्हणजे आत सगळं चाललंय, फक्त चित्र दुसरीकडे जातंय. विंडोजचं बटण धरून ‘पी’ दाबलं की चित्र कुठे पाठवायचं याचे चार पर्याय येतात: फक्त इथे, दोन्हीकडे सारखं, दोन्हीकडे पसरून, फक्त तिकडे. दिसत नसलं तरी ‘पी’ दाबायचं, खालचा बाण दाबायचा, एंटर मारायचं, थोडं थांबायचं. बाईंना दुसऱ्या खेपेला चित्र मिळालं.

तसं झालं नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणं एकदम दाबून पाहा. एक ‘टिक’ आवाज येतो, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. लॅपटॉप असेल तर उजेडाची बटणं बघा, कधी उजेड शून्यावर गेलेला असतो. आणि एक घरगुती परीक्षा: अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारा. आत पुसटसं चित्र दिसलं तर चित्र आहे, मागचा दिवा तेवढा लागलेला नाही. मेकॅनिककडे गेल्यावर हे एक वाक्य सांगितलंत तर तोही जरा सावरून बसेल.

टेबलावरच्या कॉम्प्युटरला मागे चित्राच्या दोन जागा असतील तर वायर कुठे खोचली आहे तेही पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर वायर त्या कार्डाच्या जागेत हवी. केर काढताना सगळ्या वायरी सुटतात आणि परत लावताना हमखास दुसऱ्या जागी जातात. हे मी आमच्या गटांमध्ये इतक्यांदा पाहिलंय की दिवाळीच्या साफसफाईनंतरचे माझे दोन दिवस त्यातच जातात.

लिनक्स टाकतानाच पडदा काळा राहत असेल तर घाबरून पेनड्राइव्ह उपटू नका. मिंटच्या पहिल्या यादीत ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ असं लिहिलेलं असतं, तो निवडायचा. त्यात ग्राफिक्सचे नखरे बाजूला ठेवून साध्या चित्रावर काम होतं. आधी प्रणाली बसवून घ्यायची, नंतर ड्रायव्हर मॅनेजरकडे जायचं. विंडोज सुरूच होईना असं असेल तर सुरू होता होता दोन-तीन वेळा बटण दाबून ठेवून बंद केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो, त्यातून ‘सेफ मोड’ मध्ये जाता येतं. तिथे डिव्हाइस मॅनेजरमधून नवा ड्रायव्हर काढून टाकता येतो किंवा ‘रोल बॅक’ करून आधीचा परत आणता येतो. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर पटलंच नाही, तर सहसा पहिल्या दहा दिवसांत ‘गो बॅक’ ची सोय असते. दहा दिवस, बरं का. पाहुण्यांच्या गडबडीत ते निघून जातात.

बाकी किरकोळ. पडदा पिवळट दिसतोय? ‘नाइट लाइट’ लागला असेल, बंद करा. सगळं काळं आणि अक्षरं भडक रंगात? डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही तीन बटणं एकदम दाबली गेली असतील, पुन्हा दाबा. चित्र आडवं किंवा उलटं झालं तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘ओरिएंटेशन’ चं ‘लँडस्केप’ करा. टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या चित्राच्या मापात आहे, कॉम्प्युटरच्या नाही. ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी आली तर मॉनिटरला झेपणार नाही एवढं पाठवलं जातंय, सेफ मोडमध्ये जाऊन माप कमी करा आणि वेग ६० हर्ट्झवर आणा.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. पडद्यावर मधेच ‘तुमचा ड्रायव्हर खराब झालाय, या नंबरवर फोन करा’ असा लाल चौकोन आला, तर फोन करायचा नाही. विंडोज असा फोन नंबर देत नाही. पलीकडचा गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा मागतो आणि नंतर बँकेचा ओटीपी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची. ड्रायव्हर विकत मिळत नाहीत, ते कंपन्या फुकट देतात, हे घरातल्या सासूबाईंनाही सांगून ठेवा.

आता आमच्या गटांनी एक रीत पाडली आहे. प्रणाली बदलण्याआधी मोबाइलवर तीन फोटो काढायचे: डिस्प्ले सेटिंग्जचं माप, डिव्हाइस मॅनेजरमधलं ग्राफिक्सचं नाव, आणि कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी. लिनक्स टाकायचं असेल तर आधी ते नुसतं पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहायचं. तशी सोय असते, आतलं काही पुसलं जात नाही. पणती गोल दिसते का, अक्षर स्वच्छ आहे का, व्हिडिओ चालतो का, हे ज्या बाईला तिथे रोज बसायचं आहे तिनेच स्वतः बघायचं. पुण्याला जाणाऱ्या मुलाने नव्हे.

ताईंच्या टेबलावर मात्र एक काम अजून उरलंय. पडदा नीट झाल्यावर त्यांनी गटाची सुरुवातीच्या वर्षांची इतिवृत्तं उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भाजीपाला. पुन्हा पोटात गोळा! पण हा पडद्याचा दोष नाही, फॉन्टचा आहे. त्या काळी आपण सगळ्या आयएसएम किंवा श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर टाइप करायचो. त्यात मराठी दिसायचं ते त्या ठरावीक फॉन्टमुळे, आतली खूण वेगळीच असायची. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला की आतली खूण उघडी पडते. मजकूर कुठेही गेलेला नसतो. जुना फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरमधून आणून बसवला की अक्षरं परत दिसतात. युनिकोडमधलं मराठी मात्र असं हरवत नाही. विंडोजमध्ये निर्मला हा फॉन्ट आधीपासून असतो, आणि सवयीचा मंगल दिसला नाही तर ‘ऑप्शनल फीचर्स’ मध्ये देवनागरीचे जादा फॉन्ट मागवले की तोही येतो.

ताईंनी जुना फॉन्ट मिळवला. आता त्या अर्जांची गर्दी ओसरली की रोज संध्याकाळी दोन पानं युनिकोडमध्ये उतरवून घेतात. परवा सांगत होत्या, पहिल्या सभेच्या इतिवृत्तात त्यांच्या स्वर्गवासी सासूबाईंची वर्गणी सापडली, वीस रुपये.